दुसऱ्या दीर्घिकेतील जोडतारा आणि चुकलेला आवर्तनकाळ

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मला मोठ्या मॅगेलॅनिक मेघातील, म्हणजे आपल्या आकाशगंगेजवळच्या एका छोट्या दीर्घिकेतील, एक ग्रहणकारी जोडतारा मिळाला: एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीने एकमेकांना झाकणारी दोन ताऱ्यांची जोडी. पुण्याहून हा मेघ दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम एक-दोन अंश वर येतो, म्हणजे धुरकट हवेत तो दिसतच नाही. त्यामुळे ज्या ताऱ्यावर मी सहा महिने काम केले, तो मी कधीही पाहिलेला नाही. माझ्यापाशी होती ती मोजमापे. चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेतल्या १.३ मीटर वॉर्सा दुर्बिणीतून 'ओगल' सर्वेक्षणाने ती घेतली असून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. दिनांक, प्रत (ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) आणि त्रुटी असे तीन स्तंभ, आणि त्यात अनेक वर्षांच्या रात्री.

ओगलच्या यादीत एकट्या या मेघातले ४०,००० हून अधिक ग्रहणकारी तारे आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचा आवर्तनकाळ, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, छापलेला आहे. मार्गदर्शक मॅडमनी मात्र सुरुवातीलाच अट घातली होती की तो रकाना शेवटपर्यंत उघडायचा नाही.

१७व्या प्रतीच्या आसपासचा तो तारा एका रात्रीत एकदाच मोजलेला असतो, कधी मध्ये आठवडा रिकामा जातो. अशा विस्कळीत नोंदींतून आवर्तनकाळ शोधण्यासाठी संगणकाला हजारो संभाव्य काळ तपासावे लागतात, आणि दुर्बीण फक्त रात्रीच चालत असल्यामुळे एका दिवसाशी निगडित खोटे काळही वर येतात. ते गाळल्यावर २.३१ दिवस हा काळ ठळकपणे उरला. त्यावर सगळे बिंदू घडी घालून, म्हणजे सगळी आवर्तने एकावर एक ठेवून, मांडले तेव्हा ग्रहणाची एकच खोल दरी उमटली आणि मला फार आनंद झाला. दरीच्या तळाशी बिंदू थोडे पसरलेले होते. मंद ताऱ्याच्या मोजमापात एवढी त्रुटी असायचीच, असे मी धरून चालले.

पुढचे दोन महिने मी त्याच पायावर 'फीबी' या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिकृती बसवत राहिले. दर आवर्तनात एकच ग्रहण, याचा अर्थ दुसरा तारा जवळजवळ प्रकाशहीन असायला हवा होता. पण सुमारे ०.४ प्रतीची घट घडवण्यासाठी तो मुख्य ताऱ्याच्या निम्म्याहून मोठाही असायला हवा होता. इतका मोठा, इतका अंधारा आणि निळ्या, तप्त ताऱ्याला इतका खेटून असलेला जोडीदार मला कोणत्याच पुस्तकात सापडेना. मी तापमान बदलले, कक्षेचा कल बदलला, तिसऱ्या ताऱ्याचा मिसळलेला प्रकाशही धरून पाहिला, कारण दूरच्या दीर्घिकांत तारे इतके दाटीने दिसतात की ही शक्यता खरोखरच असते. काहीही जुळले नाही.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढेच विचारले, "तळाशी पसरलेत ते बिंदू तू एकाच रंगात का काढलेस? एकाआड एक ग्रहण वेगळ्या रंगात काढून बघ."

त्या रात्री मी प्रत्येक ग्रहणाला क्रमांक दिला. सम क्रमांक निळे, विषम तांबडे. पसारा नाहीसा झाला. निळे सगळे ०.४२ प्रतीपर्यंत उतरत होते, तांबडे ०.३८ पर्यंत. ती त्रुटी नव्हतीच. ती दोन वेगळ्या ताऱ्यांची दोन वेगळी ग्रहणे होती, आणि तापमानात किंचितच फरक असल्यामुळे दऱ्या जवळपास सारख्या खोल होत्या. त्रुटीच्या स्तंभात साधारण ०.०१ प्रत लिहिलेली असताना चारपट फरक मी त्रुटी म्हणून सोडून दिला होता, याचे आजही वाईट वाटते. खरा आवर्तनकाळ ४.६२ दिवस होता. वस्तुमाने तीच धरली तर केप्लरच्या नियमानुसार दोन ताऱ्यांमधले अंतर सुमारे १.६ पट वाढते, म्हणजे आधीची सगळी गणिते पुन्हा करणे भाग होते. या वेळी प्रतिकृती आठवड्याभरात बसली.

प्रकाशवक्रातून, म्हणजे तेजाच्या चढउताराच्या आलेखातून, त्रिज्या मिळतात त्या कक्षेच्या तुलनेत, किलोमीटरमध्ये नाही. त्यासाठी वर्णपटातून दोन्ही ताऱ्यांचे वेग मोजावे लागतात, आणि इतक्या मंद ताऱ्यांसाठी मोठ्या दुर्बिणी लागतात. खगोलशास्त्रज्ञ पिएत्शिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशाच २० जोडताऱ्यांवरून या मेघाचे अंतर ४९.५९ किलोपार्सेक, म्हणजे सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे, असे जवळपास एक टक्का अचूकतेने काढले. त्यांनी मुद्दाम थंड, राक्षसी तारे निवडले, कारण त्यांच्या रंगावरून पृष्ठभागाची तेजस्विता आणि तिच्यावरून आकाशातला कोनीय व्यास विश्वासाने काढता येतो. खरी त्रिज्या आणि कोनीय व्यास हाती आले की अंतर मिळते. माझा तारा तप्त होता, आणि अशा ताऱ्यांत मधल्या धुळीचा अंदाज थोडा चुकला तरी अंतर सरकते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच मेघातील एचव्ही २२७४ या जोडताऱ्याच्या अंतराबाबत नेमका धुळीवरूनच मतभेद झाला होता. त्यामुळे माझ्या अहवालात अंतराचा आकडा नाही; त्रिज्यांची गुणोत्तरे, कक्षेचा कल आणि तापमानांचे गुणोत्तर एवढेच आहे.

अहवाल पूर्ण झाल्यावर मॅडमच्या समोर मी यादीतला तो रकाना उघडला. आमचा काळ दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत जुळला.