बाळ दहा आठवड्यांचं, रिपोर्टवर मी अजून गरोदर

गरोदरपणात शुगर निघाली, पथ्यावर आटोक्यात राहिली, बाळ ३ किलो १०० ग्रॅमचं झालं. त्याबद्दल तक्रार नाही. डोकं फिरलं ते नंतरच्या एका तपासणीपायी.

बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन पुन्हा टेस्ट (जीटीटी) करायची असते. शुगर खरंच गेली का, हे त्यातूनच कळतं. लॅबमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा ताईंनी नुसती उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची केली. "डिलिव्हरी झाली ना, मग जीटीटी कशाला?" डॉक्टरांनी रिपोर्ट बघून परत पाठवलं. दुसऱ्यांदा ग्लुकोजचं पाकीटच संपलेलं. (पाकीट आपणच केमिस्टकडून न्या, हे मला तिसऱ्या खेपेला सुचलं.)

तिसऱ्या खेपेला कॉम्प्युटर अडला. जीटीटी निवडली की तो विचारतो, गर्भधारणेचे आठवडे किती? रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाईना. शून्य टाकलं, घेईना. मागे रांग, मांडीवर बाळ, पोटात रात्रीपासून काही नाही. शेवटी काउंटरवरच्या मुलाने बिनधास्त ४० टाकले. "मॅडम, काय फरक पडतो?"

पडतो ना! गरोदर बाईला उपाशीपोटी ९२च्या आत लागते, इतरांना १००च्या आत. माझी आली ९४, म्हणून लाल अक्षरात छापली. दोन तासांनंतरची १४८ मात्र काळ्या अक्षरात, कारण गरोदरपणात तिथली मर्यादा १५३. खरं तर माझ्यासाठी काळजीची तीच होती, १४०च्या पुढे म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा. लाल व्हायचं ते काळं, काळं व्हायचं ते लाल. आकडे डॉक्टरांना दाखवा, लॅबच्या रंगांवर जाऊ नका.

आणि ते दोन तास! जागेवरून हलायचं नाही, बाळ भुकेने लाल. हिरकणी कक्ष विचारला तर जिन्याखालची खुर्ची दाखवली. ओढणी घेतली आणि पाजलं. अंगावर पाजताना शुगर थोडी खाली येऊ शकते, म्हणून वेळ लिहून ठेवली. डॉक्टर म्हणाल्या, बरं केलंस, बाळाला उपाशी ठेवायचं नसतं.

दुधाचं राहिलंच. मला दूध उतरायला चौथा दिवस उजाडला. सासूबाईंनी हळिवाची खीर, डिंकाचे लाडू असा मारा सुरू केला. लाडवातल्या गुळावरून आमचं थोडं वाजलंही. डॉक्टरांनी सांगितलं, दूध तयार व्हायलाही इन्सुलिनचं काम नीट चालावं लागतं, म्हणून शुगरवाल्या बायकांना उशीर होऊ शकतो. दुधात इन्सुलिन, लेप्टिन, ॲडिपोनेक्टिन अशी संप्रेरकं असतात आणि आईचं वजन, शुगर यांनुसार त्यांचं प्रमाण बदलू शकतं, हे मी रात्री तीनला वाचलं आणि रडत बसले. माझ्या दुधाने पोर लठ्ठ होणार की काय! डॉक्टर म्हणाल्या, "अगं, पाजणं तुझ्या शुगरलाही चांगलं. तू मोबाईल ठेव आणि वजनाचं कार्ड बघ." बाराव्या दिवशी जन्माचं वजन भरून निघालं होतं, आणि आता रेघ हिरव्या पट्ट्यातून चाललीये.

रिपोर्ट दुरुस्त करून मागितला. चार दिवसांनी आला. आठवडे आता ३९.