लॉच्या मुलांना नोटीस लिहायला शिकवताना – माझा अनुभव

मी नाशिकला जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते. मागच्या वर्षी एका लॉ कॉलेजनं विचारलं, शेवटच्या वर्षाला ड्राफ्टिंग, म्हणजे कायदेशीर मसुदे लिहिणं, शिकवाल का, शनिवारी दुपारी. हो म्हटलं. बार कौन्सिलच्या नियमात हा प्रॅक्टिकलचा पेपर आहे, 15 सराव ड्राफ्टिंगचे आणि 15 कन्व्हेयन्सिंगचे (खरेदीखतासारखे दस्त), 45-45 मार्क, वर 10 व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला. पण मुलं सीनियरचं जर्नल उतरवून काढतात, त्याच्या चुकांसकट, आणि मग कोर्टात आल्यावर साधी नोटीस जमत नाही, हे मला फार लागतं कारण त्यात अशिलाचं नुकसान होतं.

म्हणून फॉरमॅट दिलाच नाही. अशील बोलतो तसं सांगितलं, निफाडचा बागायतदार, दोन गाड्या थॉमसन द्राक्षं दिली, व्यापाऱ्यानं 4,80,000 चा चेक दिला तो परत आला, लिहा कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची नोटीस, मराठीत लिहिली तरी चालेल. एका मुलीनं तीन पानं लिहिली. "आमचे अशील हे समाजातील प्रतिष्ठित व्यक्ती असून" इथून सुरुवात, आणि तीन पानांत चेक नंबर नाही, चेक परत करताना बँक देते त्या मेमोची तारीख नाही, शेवटी मागणी काय तर मुद्दल, व्याज, मानसिक त्रास सगळं मिळून एकच आकडा! नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट मागावी लागते, बाकीचं वेगळं, नाहीतर पुढं केस तिथंच अडकते.

मग पुढचे दोन शनिवार लिहायचंच नाही असं ठरवलं. एकानं अशील व्हायचं, बाकीच्यांनी विचारायचं, आणि फळ्यावर फक्त तारखा. चेकवरची, बँकेत भरल्याची, मेमोची. मेमोचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, समोरच्याला ती मिळाल्यावर पैसे द्यायला 15 दिवस, ते संपले की एक महिन्यात कोर्टात तक्रार. बोटांवर मोजायला लावलं, खरंच.

पाचव्या शनिवारी त्याच मुलीची नोटीस सव्वा पानाची होती. ती दाखवायला आली पण हातात पेन तसंच, म्हणाली, मॅडम मेमोवर 3 तारीख छापलीय पण अशील काका म्हणतात बँकेनं 9 ला सांगितलं, मग तीस दिवस कधीपासून धरू? आम्ही कलम उघडून वाचलं, बँकेकडून माहिती मिळाल्यापासून. म्हणजे 9 पासून. मी म्हटलं, पण 9 ला कळलं हे दाखवणार कशावरून? ती थांबली, आणि समासात लिहिलं, "बँकेची पोच मागणे".