वळायला चार माणसं लागतात

गेल्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक रणगाडा डावीकडे वळला. चौघांना त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागली. वळून झाल्यावर भाचीनं टाळ्या वाजवल्या. पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यांच्या ज्या टेबलावरच्या खेळामागे मी दीड वर्ष लागलोय, ते नुसतं नियमांचं बाड नाही, तो खेळ आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मी भोसरीत डाय बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम करतो. कुठल्याही यंत्राचं ड्रॉइंग समोर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे चालवणारा माणूस उभा कुठं राहणार? पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश मार्क १ रणगाड्याचा उभा छेद पाहिला तेव्हाही हेच विचारलं. उत्तर बघून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मधोमध १०५ अश्वशक्तीचं डेमलर इंजिन, त्याच्याभोवती आठ माणसं, आणि इंजिन नि माणसं यांच्यामध्ये भिंतच नाही. आतलं तापमान ५० अंशांपर्यंत चढायचं. पेट्रोलचा आणि तोफेचा धूर आतच कोंडायचा. चिलखत ६ ते १२ मिलिमीटर. बाहेरून गोळी आदळली की आतल्या बाजूनं तापलेल्या धातूचे कण उडायचे, म्हणून माणसांना साखळीची जाळी लावलेले मुखवटे दिले होते.

आणि हे २८ टनांचं धूड वळवायला चार माणसं लागायची. पुढं बसलेला ड्रायव्हर, त्याच्या शेजारी ब्रेक सांभाळणारा कमांडर, आणि पाठीमागं गिअर बदलणारे दोन गिअरमन, डाव्या पट्ट्याला (रणगाडा ज्या लोखंडी साखळीवर चालतो तो पट्टा) एक, उजव्या पट्ट्याला एक. डावीकडे जायचं तर आधी रणगाडा थांबवायचा, डिफरेन्शियल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांना इंजिनची ताकद वाटून देणारा गिअरसंच, लॉक करायचं, डाव्या गिअरमननं आपला पट्टा न्यूट्रलला घ्यायचा, कमांडरनं डावा ब्रेक ओढायचा, मग उजवा पट्टा सगळं अंग फिरवायचा. इंजिनच्या आवाजात बोललेलं काहीच ऐकू यायचं नाही. ड्रायव्हर पान्यानं इंजिनच्या झाकणावर ठोके मारून मागच्यांचं लक्ष वेधायचा आणि हाताच्या खुणांनी काय करायचं ते सांगायचा.

रणगाड्यांचे बहुतेक खेळ कोण कुणावर नेम धरतो याभोवती फिरतात. मला ते या यंत्रांच्या बाबतीत खोटं वाटतं. १९१५ ते १९१७ या काळात रणगाड्याचा पहिला शत्रू तो स्वतःच होता. त्याचं वजन, त्याचा गिअरबॉक्स, त्याचा धूर. दुसरा शत्रू चिखल. समोरची तोफ तिसरी. हा क्रम टेबलावर जाणवला पाहिजे, एवढाच माझा हट्ट आहे.

पहिल्या मसुद्यात हा क्रम मी तक्त्यांमध्ये कोंबला होता. बिघाडाचा तक्ता, उतारानुसार गिअरचा तक्ता, तापमानाचा तक्ता. धाकट्या भावानं तासभर फासे टाकले आणि म्हणाला, "दादा, यात मी काय ठरवतोय?" प्रश्न बरोबर होता. सगळं फासाच ठरवत होता. सगळे तक्ते फेकले आणि एका रणगाड्याला चार खेळाडू दिले. ड्रायव्हर स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चमचा वाजवतो, हातानं खूण करतो. दोन गिअरमन एकमेकांना न दाखवता आपापलं पत्तं पालथं ठेवतात, कमांडर ब्रेकचं ठेवतो. मग सगळे एकदम उघडायचे. तिन्ही पत्ते ड्रायव्हरच्या खुणेशी जुळले तर रणगाडा वळतो. एक चुकलं तर तो सरळ जातो, दोन चुकली तर इंजिन बंद. बोलायचं नाही. सुरुवातीला लोक कुजबुजायचे, म्हणून मोबाइलवर ट्रॅक्टरचा आवाज मोठ्यानं लावला. त्यानंतर सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले.

पण रणगाड्यामागे चार खेळाडू आणायचे कुठून? या अडचणीचं उत्तर मला एका तारखेत सापडलं. १५ सप्टेंबर १९१६, फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर फ्लेर-कूर्सलेत. रणगाडे लढाईत उतरले तो हा पहिला दिवस. हल्ल्यासाठी नेमलेले ४९, पैकी सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले ३२. म्हणजे तिनातला एक लढाईआधीच गळाला. माझ्या खेळातही पहिला शत्रू दिसण्याआधी प्रत्येक रणगाड्यासाठी फासा टाकायचा आणि एक किंवा दोन पडलं तर तो रेषेपर्यंत आलाच नाही. हा नियम सगळ्यांना आधी जाचक वाटला, आणि ते खरंही होतं, कारण रविवारची दुपार काढून आलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला घरी कसं पाठवायचं? आता ज्याचा रणगाडा मागे राहतो तो शेजारच्या रणगाड्यात गिअरमन होतो. दोघांचे अडकले तर तिसऱ्याला दोन्ही गिअरमन मिळतात. हे एक कलम लिहून झालं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

धुरासाठी काळ्या काचेच्या बटणांची सोंगटी आहे. दर टर्नला एक बटण रणगाड्यात पडतं. झडप उघडली की तीन बटणं बाहेर, पण त्या टर्नला बाहेरून आलेली गोळी थेट आत. बटणं सहाच्या वर गेली की एक माणूस आडवा होतो, आणि तो गिअरमन असेल तर त्या बाजूला वळणं बंद. टेबलावर १५ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साधारण ११ मीटर, कारण स्केल १:७२ आहे. खड्ड्यांच्या जमिनीत एका टर्नला एवढंच सरकता येतं. मार्क १ ला मागं दोन चाकांची एक शेपटीही होती, वळायला मदत म्हणून. तिचा फारसा उपयोग झाला नाही आणि लवकरच ती काढली गेली. मी ती बनवली आहे, पण नियमात तिला काहीच दिलेलं नाही.

भाचीला घेऊन मी नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये गेलो होतो. तिथली सर्वांत जुनी गाडी रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार आहे. तिच्यासमोर उभं राहून भाचीनं विचारलं, "मामा, आतल्यांना बाहेरचं दिसणार कसं?" फटींतून, मी म्हणालो. तिनं दोन बोटांची फट करून डोळ्याला लावली आणि तशीच शेजारच्या रणगाड्यापर्यंत चालत गेली, दोनदा धडकली. घरी येऊन मी पुठ्ठ्याच्या पट्टीला फट पाडली. आता कमांडरनं टेबल बघायचं ते त्या फटीतूनच.

'टँक' या नावाचीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्या फार जवळची आहे. इंग्लंडमधल्या लिंकन इथल्या फॉस्टर कंपनीत हे सांगाडे तयार होत होते तेव्हा त्यांना 'जमिनीवरची जहाजं' म्हणत. काम नौदलाच्या पुढाकारानं नेमलेल्या समितीचं, म्हणून जहाजं. गुपित राखायचं म्हणून कामगारांना सांगितलं, या मेसोपोटेमियासाठी (आजच्या इराकसाठी) पाण्याच्या टाक्या आहेत. १९१५ च्या अखेरीस 'टँक' हे नाव पक्कं झालं. नेमक्या त्याच महिन्यांत मेसोपोटेमियात कूत इथं ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिनं शरणागती पत्करली. खोट्या टाक्यांचा जो पत्ता सांगितला जात होता, तिथं आपली खरी माणसं उपाशी होती. आणि शब्दाचं मूळ शोधायला गेलं तर इंग्रजी कोश पोर्तुगीजबरोबर गुजराती-मराठीकडेही बोट दाखवतात: टाकं. गडावर खडकात खोदलेलं असतं, ते. माझ्या खेळाचं नाव त्यामुळे 'टाकं' आहे. भाऊ म्हणतो, नावावरून कुणाला काही कळणार नाही. मी ते बदलणार नाही.

मला सर्वांत जवळचा प्रसंग मात्र असा आहे ज्यात रणगाडा एक इंचही हलत नाही. ऑगस्ट १९१७, बेल्जियममधल्या ईपरजवळ सेंट ज्युलियनचा चिखल. 'फ्रे बेंटॉस' नावाचा एक मार्क ४ रणगाडा, आत नऊ माणसं. तो खड्ड्यात कलंडला. अशा वेळेसाठी मार्क ४ च्या छतावर लाकडी तुळई असायची. ती साखळ्यांनी पट्ट्यांना बांधली की पट्टे तिला खाली ओढत आणि तिच्यावर टेकून रणगाडा वर येई. पण बांधायला माणसानं बाहेर, गोळीबारात जायचं. एक जण गेला आणि मारला गेला. उरलेल्यांनी साठ तासांहून जास्त वेळ त्या लोखंडात काढला आणि शेवटी रात्रीच्या अंधारात ते आपल्या बाजूला परतले.

या प्रसंगात मी फासे जवळजवळ काढून टाकले आहेत. आठ फेऱ्या. प्रत्येक फेरीला एकच प्रश्न: तुळईसाठी कोण बाहेर जातो, की कुणीच नाही? सोंगट्यांना खेळाडूंनी आधी नावं द्यायची. भाचीनं तिच्या बसमधल्या मित्रमैत्रिणींची दिली आणि मग आठही फेऱ्या कुणालाच बाहेर पाठवलं नाही. नियमांत तशी खेळी बसते, तिला पूर्ण गुण मिळाले. शेजारच्या काकांनी, जे स्वतः सैन्यातून निवृत्त आहेत, दुसऱ्याच फेरीला एक सोंगटी उचलून छतावर ठेवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

मार्क ५ माझ्या खेळात नाही, कारण १९१८ मध्ये तो आला तेव्हा इंजिनिअर विल्सनच्या नव्या गिअरमुळे एकटा ड्रायव्हर तो वळवू शकला. सैनिकांसाठी फार चांगली गोष्ट, माझ्या खेळाचा मात्र तिथं शेवट. जर्मनांचा अठरा माणसांचा ए७व्ही बनवला आहे, पण त्याचे नियम अजून जमलेले नाहीत.

जमीन चहाच्या चोथ्याची. आठवडाभर वाळवलेला चोथा फेव्हिकॉलमध्ये कालवून पुठ्ठ्यावर थापायचा, खड्डे वाटीच्या बुडानं दाबायचे. दिवाळीत किल्ला करणाऱ्या कुणाच्याही हाताला हे आपोआप येतं.

सध्या टेबलावर रशियन लेबेदेंकोचा झार टँक आहे. त्याची पुढची दोन चाकं ९ मीटर उंच होती. १:७२ ला साडेबारा सेंटिमीटर. पाच इंची भरतकामाची लाकडी रिंग जवळपास तेवढीच भरते, म्हणून आईच्या दोन रिंगा घेतल्या आणि दोऱ्यानं आरे विणले. मागचा रूळ दीड मीटरचा, त्याला दोऱ्याचं जुनं रीळ. असं सांगतात की लेबेदेंकोनं झार निकोलसला ग्रामोफोनच्या स्प्रिंगवर चालणारं लाकडी मॉडेल दाखवलं, आणि दोघं जमिनीवर बसून त्याला कायद्याच्या जाडजूड ग्रंथांवरून चढवत राहिले. झारनं पैसे मंजूर केले. ऑगस्ट १९१५ मध्ये मॉस्कोच्या उत्तरेला दमित्रोवजवळ खरं यंत्र चालवलं, तर पुढची चाकं पुढे गेली आणि मागचा रूळ मऊ जमिनीत रुतला. ते तिथंच राहिलं, १९२३ मध्ये भंगारात गेलं.

मी चावीच्या मोटारीची स्प्रिंग बसवली. भाचीनं दहावीची तीन पुस्तकं पायरीसारखी मांडली. रिंगा पहिल्या पुस्तकावर सहज चढल्या, दुसऱ्यावरही. मग रीळ पहिल्याच पुस्तकाच्या कडेला टेकलं आणि सगळं थांबलं. स्प्रिंग संपेपर्यंत पुढची चाकं जागीच घसरत राहिली.

रात्री नियम लिहिला: झार टँकची पुढची चाकं कशालाही अडत नाहीत. दर टर्नला फासा टाकायचा तो फक्त मागच्या रुळासाठी.