भरलेल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह

आमची जुनी गाडी मी एकटी चालवायचे तेव्हा कधी कुरकुरली नाही. पण पाच माणसं बसली, डिकी भरली आणि लांब चढ लागला की एसी बंद करावा लागायचा. अशाच एका चढावर ट्रकला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला, तरी गाडी पुढे सरकेचना. समोरून दिवे दिसले तशी ब्रेक मारून पुन्हा ट्रकच्या मागे आले. नवी सेडान घेताना इंजिन नीट समजून घ्यायचं हे तिथेच पक्कं झालं.

तीन पर्याय होते. त्यांचे आकडे वाचायला थोडी भाषा लागते: आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, पीएस म्हणजे ताकद, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर (तो एनएममध्ये मोजतात) आणि टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. दीड लिटरचं बिनटर्बोचं पेट्रोल: ६,६०० आरपीएमला १२१ पीएस, ४,३०० ला १४५ एनएम टॉर्क. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो: ११५ पीएस, १७८ एनएम. आणि दीड लिटरचं टर्बो: १५० पीएस, २५० एनएम. आधी मी फक्त पीएस पाहिले, त्यामुळे छोटं टर्बो मनातून जवळजवळ बादच झालं होतं.

मग टॉर्क किती आरपीएमला मिळतो ते पाहिलं आणि सगळा हिशोब फिरला. एनएमला आरपीएमने गुणून ७,०२४ ने भागलं की इंजिन त्या क्षणी किती पीएस देतंय ते कळतं. छोट्या टर्बोचा पूर्ण टॉर्क १,७५० पासूनच हाताशी असतो, म्हणजे २,००० आरपीएमला सुमारे ५१ पीएस. बिनटर्बोच्या इंजिनाने तिथे आपला सगळा १४५ एनएम दिला असं धरलं (तितका तो देत नाही), तरी ४१ च. मोठ्या टर्बोचे ७१. माझी गाडी बहुतेक वेळ १,५०० ते ३,००० आरपीएममध्येच असते, त्यामुळे माझ्यासाठी हेच आकडे खरे.

पहिली टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर, गाडीत आम्ही दोघंच. तिन्ही गाड्या छान वाटल्या आणि काहीच कळलं नाही. मी पुन्हा वेळ मागितली: घरचे सगळे, बॅगा, एसी सुरू आणि चढाचा रस्ता. सेल्समन थोडा घुटमळला, पण तयार झाला.

बिनटर्बोचं इंजिन गर्दीत सगळ्यात गोड. पाय जितका दाबावा तितकीच गाडी पुढे जाते, कुठे झटका नाही. चढावर मात्र दुसऱ्या गिअरवर आणून ४,५०० पर्यंत ओढावं लागलं, तेव्हा कुठे जोर आला. छोट्या टर्बोच्या मॅन्युअल गाडीत वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम १,२०० वर आले आणि क्षणभर काहीच घडलं नाही. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या वायूंवर. तेच कमी असतील तर तो थांबायला लावतो. याचीच टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) ऑटोमॅटिक चालवली तर गिअरबॉक्स स्वतःच गिअर खाली आणत होता, ती पोकळी जवळजवळ जाणवली नाही. मोठ्या टर्बोला चढ आहे हेच कळत नव्हतं.

स्पोर्ट मोडबद्दलही विचारलं. त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. ॲक्सिलरेटरला प्रतिसाद लवकर मिळतो आणि गिअर उशिरा बदलतो, इतकंच.

छोटं टर्बो घेतलं, ऑटोमॅटिक. मोठ्या इंजिनाचा मोह खूप झाला, पण ते २५० एनएम मला वर्षातून चार दिवस लागले असते.

महिन्याभराने त्याच चढावर गेलो, पाचही जण, एसी सुरू. पुढे ट्रक होता. रस्ता मोकळा दिसल्यावर इंडिकेटर दिला, पाय दाबला, गिअरबॉक्स दोन गिअर खाली आला आणि ट्रक मागे पडला. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही. चढ ओढून टर्बो तापलेला असतो, ऑइल फिरत राहून तो निवावा म्हणून मिनिटभर तसंच सुरू ठेवलं. मागे आई जागी झाली आणि म्हणाली, “चढ यायचाय ना अजून?”