तुम्ही विचारलंत म्हणून : 'निओह' आणि दमाचा हिशेब

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने रोज रात्री त्याच एका राक्षसाच्या हातून मरण्यात कसली गंमत आहे, असा प्रश्न मला ऑफिसातले सहकारी विचारतात, बहीण विचारते आणि हल्ली आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जिन्यात भेटणारे खालचे काकाही विचारतात. 'निओह' हा टीम निंजा या जपानी कंपनीचा व्हिडिओ गेम २०१७ साली प्लेस्टेशन ४ या गेम खेळायच्या मशीनवर आला. मी मात्र तो आत्ता, भाच्याने कोथरूडहून मशीनसकट आणून ठेवल्यावर हाती घेतला, तेव्हा हे मत जेमतेम १५ तासांचे आहे.

नायक विल्यम हा १६०० साली जपानला पोहोचलेल्या विल्यम अ‍ॅडम्स या खऱ्या इंग्रज खलाशावर बेतलेला आहे. कथेबद्दल याहून अधिक लिहीत नाही, कारण समोरून तलवार येत असताना कथेकडे लक्ष द्यायला सवड कुणाला असते?

मला धरून ठेवले आहे ते पडद्यावर दिसणाऱ्या, नायकाची उरलेली ताकद दाखवणाऱ्या एका पट्टीने. खेळात तिला 'की' म्हणतात, मी तिला दम म्हणतो. प्रत्येक वार, प्रत्येक उडी आणि ढालीसारखा आडवा धरलेला प्रत्येक भाला हा दम खातो, आणि तो संपला की विल्यम धापा टाकत जागीच उभा राहतो. मग समोरचा साधा शिपाईही त्याला लोळवतो. मात्र वार संपताच अंगाभोवती निळसर प्रकाशाचे कण गोळा होऊ लागतात, आणि ते अंगाशी येऊन मिळण्याच्या नेमक्या क्षणी आर-१ हे बटण दाबले, तर खर्ची पडलेला दम बराचसा परत मिळतो. घाई केली तर थोडाच मिळतो, उशीर झाला तर ती संधी गेलीच. पहिले दोन दिवस माझे डोळे राक्षसावर होते. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या श्वासावर आले, आणि मग सिंहगडाची वाट पहिल्याच टप्प्यात धावत चढू पाहणाऱ्यांची जी गत होते, तीच आपली होत होती हे ध्यानात आले.

शस्त्र वर, मध्ये किंवा खाली धरण्याच्या तीन पवित्र्यांनीही हाच हिशेब बदलतो. वरच्या पवित्र्यात घाव जबर बसतो, पण दम भराभर उतरतो. खालच्यात घाव हलका, पण निसटणे सोपे. मी बराच काळ मधल्यातच राहिलो, हे माझ्या स्वभावाला धरूनच झाले.

तक्रार एकच. मेलेला प्रत्येक शत्रू मागे इतकी हत्यारे आणि चिलखते टाकतो की रविवारी जुन्या बाजारातून पोती भरून आणावीत तसे वाटते, आणि त्यांतले काय ठेवावे हे ठरवण्यात अर्धी संध्याकाळ जाते.

ओन्र्योकी हा पहिला मोठा राक्षस. दोन्ही हातांना साखळीने बांधलेले लोखंडी गोळे तो गरगर फिरवतो. त्याच्यापुढे मी किती वेळा मेलो हे मोजणे मी सोडून दिले होते. शेवटी जिंकलो ते प्रत्येक संधीला तीनच वार करून. चौथ्याचा मोह होई, तेव्हा मागे सरून दम घ्यायचा. भाच्याला रात्री सव्वाएकला कळवले, त्याने फक्त अंगठा पाठवला.

सध्या मी गुहेतल्या हिनो-एन्मा या राक्षसिणीपाशी अडकलो आहे. ती अंग लुळे पाडते, आणि लुळ्या अंगाने दम कसा राखायचा हे अजून मला उमगलेले नाही.