करणेकामी

‘मयत खातेदाराचे खात्यातील शिल्लक रक्कम अदा होणेकामी संबंधित नामनिर्देशित व्यक्ती/कायदेशीर वारस यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह शाखेत सादर करणे बंधनकारक राहील.’

आमच्याकडच्या एका नागरी सहकारी बँकेच्या वेबसाइटवरचं हे वाक्य. त्या पानावर एवढंच होतं, आणि खाली ‘येथे क्लिक करा’. क्लिक केलं की स्कॅन केलेला, जरा तिरका आलेला अर्ज उघडायचा. कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची सावलीसुद्धा दिसायची.

मी वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. दवाखाने, क्लासेस, एक-दोन पतसंस्था अशी कामं असतात. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई ‘कॉम्प्युटरवर असते’ म्हणते, आणि लोकांना ते पुरतं. या बँकेनं मला बोलावलं कारण १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येऊ लागले आणि नॉमिनीबद्दलची सगळी पानं बदलणं भाग होतं. “मॅडम, जरा सोप्या भाषेत करून द्या. दोन दिवसांचं काम आहे,” असं मॅनेजर साहेब म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी मी फक्त शब्द बदलले. ‘विहित नमुन्यातील’चं ‘ठरलेला’, ‘सादर करणे’चं ‘आणून द्या’, आणि ‘होणेकामी’ उडवून टाकलं. अर्ध्या तासात वाक्य गोंडस झालं. म्हटलं, आत्याला दाखवू. काका गेल्यावर तिनं दुसऱ्या एका बँकेत बऱ्याच खेपा घातल्या होत्या, तिच्याइतका अनुभवी वाचक कुठे मिळणार?

आत्यानं चष्मा लावला, मोबाइल हातभर लांब धरला आणि ओठ हलवत सगळं वाचलं.

“छान लिहिलंयस गं. पण आवश्यक ती कागदपत्रं म्हणजे कुठली?”

“ते शाखेत सांगतील ना, आत्या.”

“मग हे पान कशाला? शाखेत जायचं हे मला ठाऊकच आहे की.”

दुसऱ्या दिवशी मी शाखेत गेले आणि ठेवींच्या काउंटरमागे खुर्ची टाकून सकाळभर बसले. तिथल्या क्लार्कना या कामाची वीस वर्षांची सवय. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली हातानं लिहिलेला एक कागद होता: मृत्यूचा दाखला, पासबुक, एफडीची पावती, आधार, पॅन, दोन फोटो. म्हणजे वेबसाइटवर ज्याला ‘आवश्यक ती कागदपत्रे’ म्हटलं होतं ती यादी अस्तित्वात होती, फक्त काचेखाली. यादीत शेवटी ‘वारस प्र.’ असं लिहून त्यावर गोल केला होता.

“हे कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र सगळ्यांनाच लागतं का?”

“आणतात लोक.”

“पण नॉमिनी असेल तर?”

“तसं लागत नाही.” मग थोडं थांबून, “पण असलेलं बरं.”

त्या ‘असलेलं बरं’पायी माणूस वकील गाठतो, कोर्टात अर्ज करतो, महिनोन्महिने तारखा मोजतो. आणि रिझर्व्ह बँकेनं २००५ मध्येच बँकांना सांगून ठेवलंय की खात्याला वैध नॉमिनी असेल, किंवा संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशा पद्धतीचं असेल, तर रक्कम कितीही असो, वारसा प्रमाणपत्राचा किंवा जामीनदाराचा आग्रह धरायचा नाही. मी परत येऊन ते जुनं वाक्य पुन्हा वाचलं, तेव्हा कुठे माझं लक्ष त्यातल्या तिरक्या रेघेकडे गेलं. ‘नामनिर्देशित व्यक्ती/कायदेशीर वारस’. त्या एका रेघेत दोन अगदी वेगळे रस्ते कोंबले होते. एक साधारण पंधरा दिवसांचा, दुसरा कदाचित वर्षाचा. मी ‘होणेकामी’वर हसत बसले होते आणि खरी गोम त्या रेघेत होती. शब्द सोपे करून झाले तरी ती तशीच राहिली होती, माझ्या गोंडस वाक्यातसुद्धा.

मग पान पहिल्यापासून लिहिलं. सुरुवातच प्रश्नानं: खात्याला नॉमिनी आहे का? आणि लगेच खाली, हे कसं ओळखायचं. पासबुकावर आणि एफडीच्या पावतीवर नामनिर्देशन नोंदवल्याचा उल्लेख असतो, तो शोधा. तिथून पुढे तीन वाटा: नॉमिनी आहे, संयुक्त खातं आहे, दोन्ही नाही. प्रत्येक वाटेची आपापली यादी. काही कागद तिन्ही याद्यांत येतात, ते तिन्हीकडे पुन्हा लिहिले. ‘वरीलप्रमाणे’ असं लिहून वाचणाऱ्याला परत वर पळवायचं नाही, हा माझा हट्ट.

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९७ मध्ये लिहून ठेवलंय की त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक वेबपान वाचत नव्हते, नुसती नजर फिरवत होते. आमच्या धंद्यात हा आकडा देवघरात ठेवल्यासारखा असतो. पण आत्याकडे बघून मला वाटतं, पैसे अडकलेले असले की माणूस नजर फिरवत नाही, एकेक शब्द दोनदा वाचतो. फक्त त्याला जे आधी हवं ते आपण शेवटी ठेवलेलं असतं. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवर माणूस वारल्यावर काय काय करायचं हे पायरीपायरीनं सांगितलंय आणि पहिली पायरी मृत्यूची नोंद करण्याची आहे. आपल्याकडे ही नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. तेही मी घातलं. ‘दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून घ्या, विमा, पेन्शन, सातबारा, सगळीकडे लागतात’ हे वाक्य मात्र आत्याचं, शब्दशः.

‘मयत’वर मॅनेजर साहेबांशी पाऊण तास गेला. मराठीत मरणाला शब्दांची काय कमी? दिवंगत वर्तमानपत्रात शोभतं, मृत डॉक्टरांच्या तोंडी, कैलासवासी पत्रिकेवर, आणि घरात माणूस ‘जातो’ किंवा ‘वारतो’. मला शीर्षकात ‘खातेदाराचे निधन झाल्यास’ हवं होतं. साहेब म्हणाले, “अर्जावर मयत आहे. काउंटरवर सगळे मयतच म्हणतात. तुमचं निधन वाचून आलेला माणूस अर्ज बघून म्हणेल, हा दुसराच कुठला फॉर्म दिला.” बरोबर होतं त्यांचं. मला कळायला वेळ लागला, पण बरोबर होतं. शीर्षक निधनाचं राहिलं आणि खाली ओळ आली: शाखेत ‘मयत खातेदार दावा अर्ज’ मागा. ‘येथे क्लिक करा’च्या जागीही तेच नाव टाकलं, म्हणजे दाबण्याआधी काय उघडणार ते कळतं. अर्ज मी युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करून घेतला. आता ‘मयत’ शोधलं तर सापडतो तरी.

दोन वाक्यांवर मात्र मी हटले नाही. एक, पंधरा दिवसांचं. कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. जुन्या पानावर मुदतीचा पत्ताच नव्हता. “लिहू नका, आपण अडकू,” असं साहेब म्हणाले. म्हटलं, साहेब, अडकलेलेच आहात, फक्त ग्राहकाला माहीत नाही. दुसरं वाक्य: ‘नॉमिनीला बँक पैसे देते, पण म्हणून तो त्यांचा मालक होतोच असे नाही, वारसांचा हक्क कायम राहतो.’ यावर ते कुजबुजले, “मॅडम, घरोघरी भांडणं लागतील.” भांडणं लागलेलीच असतात, आम्ही त्यांना पत्ता सांगतोय, असं मी म्हटलं नाही, पण मनात आलं.

हे सगळं संचालक मंडळापुढे गेलं. पंधरा दिवसांना हरकत नाही, नॉमिनीच्या वाक्यालाही नाही. एका ज्येष्ठ संचालकांची हरकत ‘आणा’ला. “ग्राहक आपला सभासद आहे. त्याला ‘कागदपत्रे आणा’? ‘आणावीत’ लिहा.” ‘आणा’त अनादर नाही, आपण पाहुण्यालाही ‘बसा’ म्हणतो, ‘बसावे’ म्हणत नाही, असं मी सांगून पाहिलं. दोन संचालक हसले आणि ‘आणा’ बचावलं.

आत्यानं शेवटचा खर्डा वाचला. या वेळी ओठ हलले नाहीत. एकच विचारलं, “मूळ दाखला ठेवून घेतात की परत देतात? माझा ठेवून घेतला होता, मग गॅसवाल्याकडे पुन्हा रडगाणं.” मी शाखेत फोन लावला. मूळ बघून लगेच परत देतात. तेवढी ओळ वाढवली.

पान सुरू होऊन तीन आठवडे झाले. परवा दुसऱ्या कामासाठी शाखेत गेले तर क्लार्कच्या काचेखाली जुना कागद नव्हता. माझ्या पानाची प्रिंट होती, तिन्ही याद्यांसकट. आणि प्रत्येक ‘आणा’च्या पुढे निळ्या पेनानं, बारीक सुबक अक्षरात, ‘वीत’ जोडलेलं होतं.