वेळासची पिल्लं आणि अपुरा उजेड

मार्चच्या शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री कासवांच्या पिल्लांचे फोटो काढायला दोन दिवस राहून आलो. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडला, तिथून जंगलजेटीने, म्हणजे फेरीबोटीने, गाडीसकट वेश्वी, पुढे बाणकोटवरून वेळास. मुक्काम गावातल्याच एका घरी. घरच्या काकूंना आधी फोन करून पिल्लं निघतायत का ते विचारा आणि मगच निघा.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. कुंपणाच्या आत पुरलेल्या अंड्यांतून साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला अंड्यांच्या जागेवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असली तर सोडतात. फ्लॅश आणि बॅटरी पूर्ण बंद, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि भलत्या उजेडाने समुद्राची वाट चुकतात.

पहिल्या संध्याकाळी सोडायला उशीर झाला, सूर्य टेकला होता. मी पक्ष्यांच्या सवयीने शटर १/१००० सेकंदावर ठेवलेला आणि नॉईजच्या, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांच्या, धास्तीने आयएसओ (कॅमेरा फोटो किती उजळतो तो आकडा) ८०० च्या वर जाऊ दिला नाही. रात्री लॅपटॉपवर ते काळे फोटो उजळले, तर पिल्लाच्या पाठीवर जांभळट डाग. वाईट वाटलं ते वाळूचं. ओल्या वाळूचा कण कुठला आणि नॉईजचा दाणा कुठला, कळेना. सॉफ्टवेअरने दाणे पुसले तर वाळूही मेणासारखी गुळगुळीत झाली.

खरं तर नॉईज होतो तो सेन्सरवर उजेड कमी पडतो म्हणून. पिल्लू चार पावलं टाकतं, थांबतं, मान वर करतं, पुन्हा सरकतं. त्याला १/१००० लागतोच कशाला? सकाळी १/२०० वर आलो, म्हणजे पाचपट उजेड. लेन्सचं छिद्र एफ २.८ वर पूर्ण उघडं, आयएसओ ३२००. सात वाजता सूर्य उगवलेला असतो, पण गावामागच्या डोंगराआड. किनाऱ्यावर निळसर सावली होती आणि फोटोत वाळूचा कण न् कण दिसत होता. पाच-सहा फोटोंचा बर्स्ट घ्या, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढा. पिल्लू थांबतं त्या क्षणाचा एक तरी नीट येतो.

पिल्लू काळपट, भोवती चकाकती वाळू, त्यामुळे कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि पिल्लू काळं पडतं. मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण स्टॉप वर ठेवला आणि लाटांचा फेस पांढराफट्ट होत नाही ना, ते हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, बघत राहिलो. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा. बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पुढे जाता येत नाही, म्हणून ७०-२०० ची झूम लेन्स न्या. लांबून काढून नंतर क्रॉप केलं की नॉईजही तितकाच मोठा दिसतो. दोरीमागे वाळूवर पालथं पडा, पोटाखाली जुनी चादर घ्या. एसी खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढलात तर काच धुरकटते, तेव्हा अर्धा तास आधी बॅग अंगणात ठेवा. खारं पाणी उडतं, पुसायला दोन कापडं हवीत.

डिनॉइज, म्हणजे दाणे पुसणारं ते सॉफ्टवेअर, मी शेवटी वापरलं, पण फक्त आकाशावर आणि पाण्यावर, वाळूला हात लावला नाही. एका फोटोत पिल्लाच्या पुढच्या परावर वाळूचे सात कण चिकटलेत आणि मागे त्याने ओढलेली नक्षी लाटेपर्यंत गेलीय.